पुन्हा राळ लावलेला रांजण

माझ्या पाठच्या भावाला, कुस्तोदियोला, थोरली बहीण फेलिझ्मिना हिचे डोक्यावर दोन्ही हात ठेवून आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक, कोंबड्या ठीक, ऑलिव्ह यंदा फांद्या वाकतील इतके लागले आहेत. तू कसा आहेस, भावजय लुसिलिया कशी आहे आणि मुख्य म्हणजे तुझा गुडघा कसा आहे, ते सगळं खुलासेवार कळव. गुडघ्याची मला फार काळजी लागून राहिली आहे. दोन वर्षांपूर्वी तुझं प्रोस्टेटच्या गाठीचं ऑपरेशन झालं, गाठ साफ निघाली, आम्ही इथे मेणबत्त्या लावल्या आणि त्यानंतर महिन्याभरात तुझा गुडघा दुखायला लागला. गाठ कुठे, गुडघा कुठे! आणि गुडघाही असा हुशार की तो लग्नाला जाऊ देत नाही, बारशाला जाऊ देत नाही, न्हाव्याकडे जाऊ देत नाही, सान मार्टिनच्या दिवशी, नवी वाईन काढायच्या सणाला, गावी येऊन गाणाऱ्या पुरुषांच्या रांगेत गाऊ देत नाही. पण चौथ्या मजल्यावर घरात बसून राहायला मात्र त्याची काही हरकत नसते. असा गुडघा मी चौऱ्याऐंशी वर्षांत पाहिलेला नाही.

फोन करावा तर तू "आक्का, आवाज तुटतोय गं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राचा आवाज तुटत नाही, म्हणून पत्र. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे (आपल्या गावात शाळा आली तेव्हा मी दुसऱ्यांच्या शेतात गहू खुरपत होते, आणि शाळेनेही माझी वाट पाहिली नाही), म्हणून मी सांगते आहे आणि तुझे दाजी लिहीत आहेत. पत्र बरंचसं त्यांच्याविषयीच आहे, तेव्हा लिहिताना त्यांना जरा जड जाईल. पण घरात अक्षर येणारं दुसरं माणूस नाही, आणि हा मजकूर मी पोस्टातल्या बाईला सांगून लिहवून घ्यावा अशी त्यांची इच्छा नाही. मी विचारून पाहिलं.

(लेखनिक: मी, बेलारमिनो. कंसात "लेखनिक" दिसलं की ते माझं समज. ती मधूनमधून परत वाचून दाखवायला लावते, तेव्हा हे कंस मी गाळतो.)

तर बातमी अशी की गेल्या महिन्यात तुझ्या दाजींना एवोराला डॉक्टरांच्या सभेत बोलावलं होतं. आजारी म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून. लग्नातला कोट घातला होता, आणि तो अजून मागून शिवण न उसवता बसतो, हेही जाता जाता लिहा. गावाला आम्ही सांगितलं, वाईनच्या रांजणांना लावायची राळ आणायला चाललो. कारण ज्या गोष्टीसाठी बोलावलं होतं ती गावात कोणाला माहीत नाही, तुलाही नाही. बारा वर्षं हा अभिमान मी गिळून बसले आहे, आणि या वयात इतकं मोठं काही पोटात ठेवणं बरं नव्हे.

चौदा वर्षांपूर्वी ह्यांचंही तुझ्यासारखंच ऑपरेशन झालं, ते तुला माहीत आहे. त्यानंतर ह्यांची पाठ धरली, रांगेतलं गाणं सुटलं, तेही माहीत आहे. तू बारैरोहून मलम पाठवलं होतंस. ते मलम मी माझ्या कोपराला लावलं, चांगला गुण आला. कारण पाठीला काही झालेलंच नव्हतं. गाठीबरोबर पाणी अडवणारी खीळच गेली होती, बाबा. उठले की थेंब, शिंकले की ओंजळ, आणि वरचा सूर लावायला छाती भरून घेतली की काही विचारू नकोस. वरचा सूर हाच तर ह्यांचा मान! तू खालून सुरुवात करून द्यायचास, मग हे एकटे वर चढायचे आणि मग बाकीचे चौदा जण खालून उचलायचे. हातात हात अडकवून उभ्या रांगेत मधूनच निघता येत नाही. एक जण हलला की अख्खी रांग हलते, आणि का हलली ते अख्खं गाव विचारतं. म्हणून पाठ धरली.

मला दोन महिने काहीच कळू दिलं नाही ह्यांनी. काळी पँट, खुर्चीवर बसण्याआधी हळूच पसरलेलं वर्तमानपत्र, आणि माझ्याआधी उठून धुणं! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो पहाटे अंगणात पँट पिळतोय. मला वाटलं, दुसरी बाई आहे. खरं सांगते, थोडी खूषही झाले, म्हटलं अजून अंगात धमक आहे. मग एक दिवस तळघरातला तिसरा रांजण धुवायला मी शिडी लावून आत डोकावले, तर आत द्राक्षाचा चोथा नाही, काही नाही; ओल्या कापडांचा हा ढीग! डोक्याहून उंच रांजण, निम्म्यापर्यंत भरलेला. मी शिडीवरूनच हाक मारली, "अहो, ही कुठली वाईन म्हणायची?" हे दारात येऊन उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली. लग्नाची मागणी घालायलासुद्धा ह्यांनी टोपी काढली नव्हती.

(लेखनिक: काढली होती. तिचं लक्ष नव्हतं.)

तेव्हा मी काय बोलले? काहीच नाही. दोन वर्षं मी एक शब्द काढला नाही. मला गप्प बसता येतं हे तुम्हा पुरुषांना पटत नाही, पण मी बसले. मग एका बाजारच्या दिवशी औषधवाल्या बाईंनी कापडांचा गठ्ठा बांधून देता देता कानात सांगितलं की एवोराला सालेमा म्हणून एक तरुण डॉक्टरीण आली आहे, ती ह्यावर यंत्र बसवते. हे म्हणाले, मला बाईमाणसासमोर हे बोलायचं नाही. मी म्हटलं, मग मी बोलते, तुम्ही छताकडे बघा. तसंच केलं. त्या खोलीचं छत ह्यांना आजही पाठ आहे.

यंत्र असं आहे, नीट ऐक. पाणी जाण्याच्या वाटेभोवती एक मऊ कडं घालतात, त्यात पाणी भरलेलं असतं, ते वाट आवळून धरतं. पोटात एक छोटा फुगा. आणि खाली एक बारीकसं बटण, बोराएवढं, तेही आतच, बाहेरून काही दिसत नाही. जायचं झालं की आडोशाला जाऊन ते बटण दोन-चारदा दाबायचं. कड्यातलं पाणी फुग्यात जातं, वाट मोकळी होते, माणूस मोकळा होतो, आणि दोन-तीन मिनिटांत कडं आपलं आपण परत आवळतं. बटण कुठे असतं म्हणशील, तर ते असतं अमुक ठिकाणी.

(लेखनिक: तिने "अमुक ठिकाणी" म्हटलेलं नाही. तिने म्हटलेला शब्द मी वाचून दाखवताना उच्चारेन, पण माझ्या अक्षरात तो लिहिणार नाही. तुला काय ते कळलं असेल.)

पहिले सहा आठवडे ते बंदच ठेवतात, जखम भरू देतात. सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी ते चालू केलं. घरी येताना बसमध्ये हे दीड तास बसले आणि उठले तेव्हा सीट कोरडी. मी हात फिरवून पाहिला. ड्रायव्हरने विचारलं, "आजीबाई, काही हरवलं का?" मी म्हटलं, "नाही रे, सापडलं." पुढचे आठ दिवस हे दर पाव तासाला परसात जाऊन बटण दाबून येत होते, जायचं असो नसो. चौथ्या दिवशी मी म्हटलं, आता पुरे, झिजेल ते. पाचव्या रविवारी हे रांगेत तुझ्या शेजारी उभे होते. आठवतं? तू म्हणालास, "दाजी, माझ्या मलमाचा गुण बघा!" आणि हे म्हणाले, "हो ना." तेव्हा मला इतकं हसू आलं की मी डोक्यावरच्या रुमालाआड तोंड लपवलं.

अगदी ठणठणीत कोरडे झाले का? खोटं कशाला सांगू. भरलेली टोपली उचलली की थेंबभर, जोरात खोकला आला की थेंबभर. त्याला एक लहानसं कापड पुरतं. पण रांजणभर आणि थेंबभर यात फरक आहे की नाही?

आता यातली माझी मर्दुमकी ऐक, कारण ती दुसरं कोणी सांगणार नाही. सात वर्षांपूर्वी ह्यांना फुप्फुसाचा ताप चढला, शुद्ध हरपली, गाडीत घालून इस्पितळात नेलं. कुठल्या ते लिहू नका, माणसं भली होती, फक्त घाईत होती. तिथे एक परिचारिका लघवीची नळी घालायला आली. रोजचं काम तिचं. पण डॉक्टर सालेमांनी मला पढवून ठेवलं होतं, की कडं बंद असताना वरून नळी रेटली तर आतली वाट फाटते, यंत्र जातं आणि माणसाचे हाल होतात. आधी बटण दाबून कडं सैल करावं लागतं आणि तसंच थांबवून ठेवावं लागतं. त्यासाठी एक कार्ड दिलेलं असतं. हे कार्ड मी ह्यांच्या खिशात कधी ठेवलं नाही, माझ्या चोळीत ठेवलं. त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण डाव्या कोपऱ्यात निळा पट्टा आहे, आणि मजकूर मला प्रार्थनेसारखा पाठ आहे. मी पलंगासमोर आडवी उभी राहिले. ती म्हणाली, "आजी, बाजूला व्हा, तुम्हाला यातलं काय कळतं?" मी कार्ड तिच्या नाकासमोर धरलं आणि डोळे मिटून पहिल्या ओळीपासून शेवटच्या फोन नंबरापर्यंत घडाघडा म्हटलं. ती कार्डावर बोट ठेवून ताडून बघत होती, आणि तिचं बोट माझ्या मागे पडत होतं! मग ती धावत जाऊन मोठ्या डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, "बाईंनी वाचवलं." त्या दिवसापासून, कुस्तोदियो, मी एक गोष्ट वाचू शकते. फक्त एक. पण ती मी डॉक्टरांच्या आधी वाचली.

(लेखनिक: या गोष्टीत मी शुद्धीवर नव्हतो, त्यामुळे साक्ष देता येत नाही. पण त्या परिचारिकेने नंतर मला सांगितलं, की फेलिझ्मिना डोळे मिटून म्हणत असताना कार्ड उलटं धरलेलं होतं.)

दहा वर्षांनी यंत्र थकलं. आतलं पाणी झिरपून गेलं आणि कडं सैल पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, असं होतं, दहा वर्षांत निम्म्याशिम्म्या लोकांना ते दुरुस्त करावं किंवा बदलावं लागतंच, दुसरं बसवू. हे घरी येऊन म्हणाले, "आता नको. ब्याऐंशीचा झालो. एकदा लाज सोडली, दुसऱ्यांदा सोडायला कुठून आणू?" आणि परत पाठ दुखायला लागली. मी ह्यांचा हात धरून तळघरात नेलं आणि पहिल्या रांजणासमोर उभं केलं. म्हटलं, "हा कितव्यांदा राळ लावून घेतलाय?" हे म्हणाले, "माझ्या हयातीत सातव्यांदा. वडिलांच्या हयातीतलं माहीत नाही." तुला तर माहीत आहे, मातीचा रांजण मुळात पाझरतोच, आतून राळ आणि मेण तापवून लावलं की वाईन धरतो, वर्षं गेली की राळ सुटते, परत लावायची. सगळ्या तालुक्यात लोक ह्यांना त्यासाठीच बोलावतात. मी विचारलं, "सातव्या वेळी रांजण लाजला होता का? का म्हणाला, मी म्हातारा, मला फोडून टाका?" हे बराच वेळ रांजणावर टिचक्या मारत राहिले. मग म्हणाले, "सालेमाबाईंना फोन लाव." दुसरं यंत्र बसलं त्याला आता दोन वर्षं झाली.

आणि आता गेल्या सान मार्टिनची गोष्ट. तू गुडघ्यापाशी बसला होतास, म्हणून तुला सांगते. रांजण फोडायचा मान... म्हणजे खालच्या भोकात तोटी ठोकून नवी वाईन काढायचा मान ह्यांचा. सकाळीच तोटी ठोकली, सगळ्यांनी दोन-दोन पेले घेतले, भाजलेले चेस्टनट खाल्ले, आणि पंधरा जण हातात हात अडकवून चौकात उभे राहिले, कारण शहरातून कोणी साहेब येणार होते, त्यांच्या गाडीसमोर गायचं होतं. गाडी मेंढरांच्या कळपामागे अडकली. वारा असा की दात वाजावेत. रांग मोडायची नाही हा नियम, साहेब कुठल्याही क्षणी येणार. तुझ्या जागी झेफेरीनो बेकरीवाला उभा केला होता, ह्यांच्या उजवीकडे, आणि सगळ्यात आधी तोच तोंड वेडंवाकडं करायला लागला. पंचवीस मिनिटांनी म्हणाला, "बेलारमिनोकाका, मी आलोच," आणि हात सोडवून बेकरीच्या भिंतीआड जो धावला, तो तुझ्या गुडघ्याहून बऱ्या गुडघ्याने धावला. मग डावीकडचा गेला. मग टोकाचे दोघं, एकमेकांकडे न बघता. अरे, सगळे सत्तरीचे, सगळ्यांची तीच गाठ, वर नवी वाईन आणि थंडी! चाळीस मिनिटांत चौदाच्या चौदा जण भिंतीआड. आणि चौकाच्या मधोमध एकटे तुझे दाजी, दोन्ही हात दोन्ही बाजूंना मोकळे, टोपी सरळ, गुबगुबीत कोंबड्यासारखे उभे. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. ह्यांनी छाती भरून घेतली आणि वरचा सूर लावला. एकट्याने. खालून उचलायला कोणी नाही. बायका दारात आल्या. भिंतीआडून एकेक जण बटणं लावत लावत खालचा सूर धरून परत येत होता. साहेब म्हणाले, ही काय सुंदर पद्धत, एक जण मधे आणि बाकीचे चारी बाजूंनी येतात! आता दर वर्षी तसंच करायचं ठरलंय.

गाव म्हणतं, बेलारमिनो म्हणजे दगड. मी म्हणते, हो. आणि पुढचं गिळते.

म्हणून एवोराच्या सभेत मला किती बरं वाटलं, विचारू नकोस. डॉक्टर सालेमांनी पहिल्या वर्षी वीस माणसांना यंत्र बसवलं होतं, त्यांचं बारा वर्षांत काय झालं ते त्या सभेला सांगणार होत्या. मला आकडे लिहून ठेवता येत नाहीत म्हणून मी खिशातून वीस हरभरे नेले होते आणि मांडीवर मांडत गेले. पाच जण देवाघरी गेले, दुसऱ्याच कशाने, आणि कोरडे गेले. उरले पंधरा. सात जणांचं पहिलंच यंत्र अजून चालतंय. सहा जणांना दुसरं बसवावं लागलं, त्यात आपले हे. एकाचं तिसरं चालू आहे. आणि एकाची जखम चिघळली म्हणून काढूनच टाकावं लागलं. पंधराही जणांना विचारलं, परत पहिल्या दिवसापासून करायचं असतं तर केलं असतं का? सगळे हो म्हणाले, ज्याचं काढलं तोसुद्धा. म्हणाला, ती चार कोरडी वर्षं मी कोणाला परत देणार नाही. मग ह्यांना दोन वाक्यं बोलायला उभं केलं. हे रांजणाला राळ कशी लावतात यावर अर्धा तास बोलले, आणि डॉक्टर लोक लिहून घेत होते! ते वीस हरभरे वाटीत वेगळे ठेवलेत. ह्यांनी दोनदा विचारलं भिजत घालू का, मी हात लावू देत नाही.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला जप. लुसिलियाला आणि मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझी थोरली बहीण,
फेलिझ्मिना (खाली तिचा अंगठा, काळा डाग आहे तो ऑलिव्हचा)

ता. क. मी सबंध पत्रात गुडघ्याशिवाय तुझं काहीही विचारलं नाही, हे लक्षात घे. लुसिलियानेही मला एक शब्द सांगितलेला नाही, तिच्यावर चिडू नकोस. तिने फोनवर फक्त एवढंच विचारलं, की काळी पँट दिवसातून दोनदा धुतली तर रंग किती दिवस टिकतो.

आणखी एक. सान मार्टिनच्या आधीच्या मंगळवारी सकाळी दहा वाजता एवोराला डॉक्टर सालेमांकडे "गुडघा" दाखवायला तुझं नाव दिलं आहे. बाईंना कोणता गुडघा ते माहीत आहे. मी बरोबर येईन आणि बोलेन. तू छताकडे बघ, उजव्या कोपऱ्यात घोड्यासारखा डाग आहे असं हे म्हणतात. यंदा यंत्राशिवायच ये, काळी पँट घाल, कापड मी देते, तिसरा रांजण रिकामा आहे. आणि भिंतीआड जायची लाज गावात आता कोणालाच उरलेली नाही.

ता. क., लेखनिकाकडून, तिला न वाचून दाखवलेला. कुस्तोदियो, हे पत्र मी तीनदा लिहायला नाही म्हणालो आणि चौथ्यांदा बसलो, ते तुझ्यासाठी. एक गोष्ट मात्र तिने खोटी सांगितली. त्या दोन वर्षांत ती गप्प बसली नव्हती. रोज संध्याकाळी तळघराच्या दाराशी भाजी निवडत बसायची आणि माझा वरचा सूर गायची. तिचा गळा तुला माहीत आहे. मुद्दाम चुकीचा गायची, दर वेळी त्याच जागी, आणि मी आतून ओरडायचो, "वर, बाई, वर!" आणि शेवटी न राहवून स्वतःच लावून दाखवायचो. म्हणून माझा सूर गेला नाही. हे मला बारा वर्षांनी, आत्ता लिहिताना कळतंय.

गेल्या आठवड्यापासून तिने स्वयंपाकघरात तुझी सुरुवात गायला घेतली आहे. फार वाईट गाते. लवकर ये.

तुझा दाजी, बेलारमिनो